गच्चीवरचा रानपुदिना

लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे ताई स्वतः तपासायच्या. मशीन लावणं, इस्त्री, गठ्ठे पोचवणं हे सगळं त्यांनी हळूहळू धाकट्या भावावर आणि भावजयीवर सोपवलं होतं, पण खिसे मात्र आपल्याकडेच ठेवले होते. मागे एकदा कुणाच्या तरी कोटात राहिलेलं पेन मशीनमध्ये फुटलं आणि लॉजच्या सगळ्या चादरी एका दुपारीत आकाशी झाल्या. लॉजच्या मॅनेजरांनी त्या परत घेतल्या नाहीत. घरात अजूनही त्याच आकाशी चादरी पलंगावर होत्या आणि खिसे तपासण्याच्या कामी ताई कुणावरही विश्वास टाकत नव्हत्या.

खिसे उलटे करता करता त्यांना गल्लीतली सगळी माणसं आतून ठाऊक झाली होती. शिक्षकांच्या खिशात खडूचे तुकडे असायचे. दातांच्या डॉक्टरांच्या खिशात चॉकलेटचे कागद निघायचे. बँकेतल्या बाईंच्या खिशात एकदा गोगलगाय निघाली होती आणि ती कशी आली हे विचारायचा धीर ताईंना झाला नव्हता.

वनरक्षकांच्या हिरव्या गणवेशात मात्र दर वेळी एकच वस्तू सापडायची, ती म्हणजे एक वाळलेली डहाळी. सुरुवातीला ताईंनी ती कचऱ्यात टाकली. मग एकदा टाकता टाकता ती बोटांत चुरगळली आणि साबणाच्या, वाफेच्या, ओल्या कापडाच्या वासाने आयुष्यभर भरलेलं त्यांचं नाक एकदम जागं झालं. वास पुदिन्यासारखा होता, पण त्याला कापराचा गारवा होता आणि शेवटी शेवटी नाकात किंचित मिरीही चावत होती. ताईंनी ती डहाळी इस्त्रीच्या टेबलाच्या खणात ठेवली. पुढच्या वेळची तिच्याशेजारी ठेवली. हिवाळा येईपर्यंत खण उघडला की भावजय म्हणायची, वन्सं, तुमच्या खणाला जंगल फुटलंय.

ताईंचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. वडील लवकर गेले, लाँड्री त्यांच्या गळ्यात पडली, भाऊ तेव्हा शाळेत होता. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, नवं मशीन, गच्चीची गळती, एकामागून एक कामं निघत गेली आणि त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. याबद्दल त्यांची कुणाकडे तक्रार नव्हती. गल्लीतले सगळे त्यांना ताईच म्हणायचे. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पोस्टमनही ताईच म्हणायचा आणि वनरक्षकही.

हे वनरक्षक उंच, किरकोळ आणि कमी बोलणारे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी दूरच्या शहरात नर्स होती. ते शहराबाहेरच्या टेकडीखालच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. तिथल्या जड पाण्यात साबणाला फेसच येत नाही, म्हणून आठवड्याचे गणवेश ते लाँड्रीत आणून द्यायचे. गठ्ठा काउंटरवर ठेवायचा, "येतो ताई," म्हणायचं आणि निघायचं, एवढंच त्यांचं बोलणं.

एका सकाळी ताईंनी खणातली एक डहाळी काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. वनरक्षकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

"मीच लोकांना फांद्या तोडू नका म्हणून ओरडतो," ते म्हणाले. "ही वाटेवर पडलेली असते, तेवढीच उचलतो. डोकं दुखलं की वास घेतो."

मग त्या दिवशी पहिल्यांदाच ते काउंटरपाशी थांबले आणि सांगायला लागले. त्यांच्यात याला रानपुदिना म्हणतात. टेकडीवरच्या खाणीच्या वरच्या उतारावर तो आपला आपण वाढतो, कुणी लावलेला नाही, कुठून आणलेला नाही, तो इथल्याच मातीचा आहे. थंडीत वरून पार मरतो आणि उन्हाळ्यात त्याच मुळांतून पुन्हा येतो. फुलला की सगळा उतार मधमाश्यांच्या आवाजाने घुमतो, इतका की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं, वर कुठेतरी मोटार चालू आहे.

ताईंना त्यांची गच्ची आठवली. दोन मजल्यांवरची मोठी थोरली गच्ची, चारी बाजूंनी कठडा, तारांवर पांढऱ्या चादरी आणि खाली तापलेलं सिमेंट. हिरवं पान औषधालाही नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे एक रोप मागितलं.

वनरक्षकांनी मान हलवली. जंगलातलं रोप मुळासकट काढायचं नाही, दुसऱ्याने काढलं तर आपण त्याला पकडतो, ते म्हणाले. ताईंना ते पटलं, पण थोडं लागलंही. त्या दिवशी त्यांनी गणवेशाच्या कॉलरला जरा जास्तच स्टार्च लावला.

पुढे काही आठवड्यांनी वनरक्षक जेवणाचा डबा घेऊन आले आणि तो त्यांनी काउंटरवर उघडला. आत ओल्या मातीत तीन-चार मुळं होती. टेकडीला वळसा घालणारा रस्ता रुंद करत होते. हद्दीच्या बाहेर, जिथे मशीनने कडा खणला होता, तिथला रानपुदिना सगळाच मुरुमाखाली जाणार होता. तो काढायला हरकत नाही असं त्यांनी साहेबांना विचारून घेतलं होतं. डब्यातलं जेवण त्यांनी बहुधा उभ्याउभ्याच उरकलं असावं, कारण झाकणाला अजून भात चिकटलेला होता.

ताईंनी रोपाचे जे लाड केले ते त्यांनी भावाचेही केले नव्हते. गळकी बादली घेतली, बाजारातून काळीभोर खताची माती आणली, सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी पाणी घातलं. चादरींच्या स्टार्चचं उरलेलं पाणी पौष्टिक असेल म्हणून तेही घातलं. मुळं काळी पडली, मऊ झाली आणि बादलीला कुजकट वास यायला लागला. भाऊ म्हणाला, ताई, तू त्याला बुडवून मारलंस. त्यांनी दोन दिवस भावाशी बोलणं टाकलं.

वनरक्षकांना सांगताना त्यांना फार लाज वाटली, पण ते रागावले नाहीत. हिवाळ्याच्या तोंडाला त्याच कड्याच्या, मुरूम अजून न पडलेल्या टोकावरून ते वाळलेली बोंडं घेऊन आले. बोंडं तळहातावर चोळली की त्यातून मिरपुडीसारखं काळं बी पडायचं. ताईंनी ते बी बोटभर खोल पुरलं आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पाहिली. काही उगवलं नाही. उरलेली बोंडं त्यांनी वैतागून कठड्यापाशी झटकली. तिथे गच्चीची गळती बुजवून उरलेली वाळू आणि विटांचा चुरा एका फुटक्या टबात पडून होता. त्याकडे त्यांनी नंतर बघितलंही नाही.

टबातली हिरवी बुरशी आधी भावजयीला दिसली. ती चिमटे गोळा करत होती. वाकून पाहिलं तर ती बुरशी नव्हती, टाचणीच्या डोक्याएवढी जोडपानं होती. तिने एक पान नखाने चुरडलं, हुंगलं आणि तशीच जिन्यावरून खाली आली. तिच्या बोटाचा वास घेताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाफेच्या नावावर खपवलं.

"त्याला वर उजेड हवा होता, वन्सं," भावजय म्हणाली. "आणि जरा दुर्लक्ष."

भावजयीला ते कसं कळलं हे तिलाही सांगता आलं नसतं. पण तेव्हापासून पाणी घालायचं काम तिने आपल्याकडे घेतलं, म्हणजे पाणी न घालायचं काम. ताई झारी घेऊन जिन्यापाशी दिसल्या की ती त्यांना काहीतरी काम सांगून परत फिरवायची.

त्या उन्हाळ्यात रोपं वीतभर वाढली आणि थांबली. फूल नाही की काही नाही. थंडीत पानं गळाली, चौकोनी देठ काळे पडले आणि टबात काड्या उरल्या. भावाने गच्ची साफ करताना टब उचलला आणि कचऱ्याच्या डब्यावर उपडा करणार, तेवढ्यात भावजयीने त्याचा हात धरला. तिने वरची वाळू बोटाने सारली. खाली चुऱ्याशी बिलगून जांभळट कोंबांची टोकं बसली होती, दाटीवाटीने, बाहेर यायची काहीही घाई नसल्यासारखी.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रानपुदिन्याने कहर केला. टबाच्या फुटक्या बाजूने त्याचे धावते कोंब बाहेर आले आणि गच्चीच्या भेगेत घुसले. भावजयीने त्याचे तुकडे पाडून दोन बादल्या, एक गंजलेलं घमेलं आणि जुन्या मशीनचा ड्रम भरला, तरी तो उरला. मग एके दिवशी शेंड्यांवर बटणांसारखी बोंडं धरली आणि बोंडांवर फिकट पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची फुलं उमलली. पहिल्या दिवशी एक मधमाशी आली. ती जाऊन बाकीच्यांना काय सांगून आली कोण जाणे, आठवडाभरात गच्चीवर जत्रा भरली. केसाळ भुंगे आले, पिवळ्या पट्ट्यांच्या सडपातळ गांधीलमाश्या आल्या, निळ्या काचेसारखी चमकणारी एक माशी आली, आणि कुठलीच हिरवळ नसलेल्या त्या गल्लीत इतके दिवस कुठे होती असं वाटायला लावणारी फुलपाखरं आली.

ताईंनी वनरक्षकांना वर यायला सांगितलं. एवढ्या वर्षांत ते काउंटरच्या अलीकडे कधी आले नव्हते. त्यांनी जिन्याखाली बूट काढले, ताईंनी नको नको म्हटलं तरी काढले, आणि तापलेल्या गच्चीवर अनवाणी, एकेका पायावर नाचत ते ड्रमपाशी गेले. तिथे गेल्यावर मात्र पाय पोळायचे विसरले. निळी माशी दिसली तसे ते खाली वाकले आणि ती उडेपर्यंत तिथेच राहिले.

"ही मला टेकडीवरही क्वचित दिसते," शेवटी ते म्हणाले. "तुमच्याकडे राहायला आली."

ताईंना आयुष्यात बऱ्याच जणांनी शाबासकी दिली होती, बहुतेक डाग काढल्याबद्दल. ही वेगळी होती. त्यांनी खालून वनरक्षकांसाठी रबरी चपला आणून दिल्या आणि दोघं दुसऱ्या एका उपड्या टबावर बसून चहा प्यायले.

त्यानंतर वनरक्षक आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा येऊ लागले, मग तीनदा. भावजयीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. एका दिवशी तिने त्यांचा गठ्ठा उघडला, तर आतल्या गणवेशाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. परवा इस्त्री करून दिलेला गणवेश जसाच्या तसा धुवायला आला होता. तिने तो मुकाट्याने शेल्फवर ठेवला आणि संध्याकाळी धुतला म्हणून परत दिला.

दुसरी गोष्ट तिला अशी जाणवली, की ते ताईंना ताई म्हणायचे बंद झाले होते. दुसरं काही म्हणतही नव्हते. "येतो," म्हणायचे आणि पुढे जिथे "ताई" यायचं तिथे घसा खाकरायचे. हाक मारायची वेळ आली तर काउंटरवर बोटाने टकटक करायचे. भावजयीने हे ताईंच्या कानावर घातलं, तेव्हा ताई म्हणाल्या की त्यांना खोकला झाला असेल. मग त्या खिसे तपासायला वळल्या आणि एकच खिसा तीनदा तपासला.

सगळं असं छान चाललेलं असताना लॉजचे मॅनेजर काडेपेटी घेऊन दुकानात आले. काडेपेटीत पुरावा म्हणून एक मेलेली मधमाशी होती. लॉजवर एक निवेदक उतरले होते, नगरभवनात मोठ्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायला आलेले. दुपारी वामकुक्षीसाठी त्यांनी ताजी चादर तोंडावर ओढली आणि चादरीच्या घडीत बसलेल्या मधमाशीने त्यांच्या ओठाला डंख केला. ओठ केवढा सुजला हे मॅनेजरांनी हाताने करून दाखवलं. निवेदकांनी तशाच ओठांनी कार्यक्रम केला. प्रत्येक "प" आणि "ब" ला त्यांच्या तोंडून शिट्टी निघत होती. लोकांना वाटलं हा त्यांचा विनोदाचा भाग आहे. टाळ्या पडल्या, हे खरं, पण ते वेगळं, असं मॅनेजर म्हणाले. पुन्हा एक जरी मधमाशी निघाली तरी चादरी दुसरीकडे धुवायला जातील.

लॉज हे दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. मॅनेजर गेल्यावर भाऊ इस्त्री खाली ठेवून ताईंसमोर उभा राहिला. तो सहसा ताईंपुढे आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही.

"ताई, तुझा जीव आहे त्यात, मला कळतं," तो म्हणाला. "पण लॉज गेलं तर आपण काय धुवायचं, एकमेकांचे रुमाल?"

 ताई गच्चीवर जाऊन उपड्या टबावर बसल्या. समोर चादरी वाऱ्यावर हलत होत्या, खालच्या टोकांनी फुलांना घासत होत्या, आणि मधमाश्या फुलावरून उठून चादरीच्या ओल्या काठावर बसत होत्या. थोड्या वेळाने भावजय वर आली. संध्याकाळी वनरक्षकही आले आणि तिघंही गच्चीच्या मध्यभागी उभं राहून एखाद्या भांडखोर नातेवाइकाची समजूत कशी घालावी तशा आवाजात बोलत राहिले. मधमाश्या चादरींवर पाण्यासाठी येतात हे वनरक्षकांच्या लक्षात आलं. चादरी मागच्या कठड्याकडे हलवायच्या हे ताईंनी ठरवलं. आणि उन्हं उतरल्यावर, माश्या घरी परतल्यावरच चादरी काढायच्या आणि दोघांनी दोन टोकं धरून दणकून झटकायच्या, हे भावजयीने सुचवलं. मग रोपांशेजारी एका परातीत खडे टाकून पाणी ठेवलं. माश्या खड्यांवर रांगेने बसून पाणी प्यायला लागल्या आणि चादरींकडे त्यांनी पाठ फिरवली.

त्यानंतर एकही मधमाशी निघाली नाही. पण महिन्याभराने मॅनेजर पुन्हा आले, तेव्हा भावाने आधी त्यांच्या हातात काडेपेटी आहे का ते पाहिलं. मॅनेजरांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, मग जरा अवघडून सांगितलं की चादरींना आधी एक वास यायचा, तो हल्ली येत नाही आणि उतारू विचारतात. मधमाशी नको, पण वास पाठवता आला तर बघा. त्या दिवसापासून ताई फुलं ओसरलेल्या रानपुदिन्याच्या जुड्या बांधून कपाटात इस्त्रीच्या चादरींमध्ये ठेवायला लागल्या. भाऊ कपाट उघडून बंद करताना खोल श्वास घ्यायचा आणि आपण घेतला नाही असं दाखवायचा.

उन्हाळा संपता संपता वनरक्षकांची बदली झाली. दूरच्या डोंगरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेल्या माणसाला अशा ठिकाणी का पाठवतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी काउंटरपाशी उभं राहून हे सांगितलं आणि घसा खाकरला.

ताईंच्या मनात एकाच वेळी इतकं काही दाटून आलं, की त्यातलं एकही दाराबाहेर निघेना. शेवटी जे निघालं ते हे: "मग गणवेश कुठे धुणार?"

वनरक्षक म्हणाले, "तिथे नदी आहे."

 मागे इस्त्री करणारी भावजय मनातल्या मनात दोघांच्याही डोक्यावर पाण्याची बादली ओतत होती. मग ताई गच्चीवर गेल्या, ड्रममधला चांगला जोमदार तुकडा मुळांसकट कापला, कुंडीत बसवला आणि आणून वनरक्षकांच्या हातात दिला. त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी धरला आणि तसेच चालत गेले. धुतलेले गणवेश काउंटरवरच विसरले. भाऊ ते घेऊन धावला.

हिवाळाभर काही कळलं नाही. म्हणजे तसा एकदा फोन आला होता. तो भावाने उचलला. वनरक्षकांनी चादरी कशा आहेत असं विचारलं, भावाने वाळतायत असं सांगितलं, आणि फोन संपला. हे भावाला दोन महिन्यांनी जेवताना सहज आठवलं. त्या जेवणात भावजयीने त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही जाऊन ते रोप बघून या. मेलं असेल तर आपलं नाव खराब होईल."

ताईंनी आयुष्यात कामाच्या दिवशी दुकान सोडलं नव्हतं. कोरडे कपडे कोण मोजणार, खिसे कोण बघणार, असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी भावजयीने त्यांना बसमध्ये बसवलं आणि खिसे आपण बघू असं वचन दिलं.

डोंगरातली क्वार्टर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि पुढे दगडी पायऱ्या. वनरक्षक दार उघडून उभे राहिले. ताईंची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. खिडकीत, जाड पडद्याच्या सावलीत, कुंडी होती. खाली बशी, बशीत पाणी काठोकाठ. रानपुदिना फिकट पिवळा पडला होता, लांबच लांब काड्या होऊन तावदानाला टेकला होता आणि शेजारी त्याला आधार म्हणून एक पट्टी बांधलेली होती.

"रोज पाणी घालता?" ताईंनी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ," वनरक्षक म्हणाले. "थंडी लागू नये म्हणून आत ठेवलंय. मरेल अशी फार भीती वाटते."

"तुम्ही जंगलात आयुष्य काढलंत."

"जंगलात मी कशालाच पाणी घातलं नाही कधी," ते म्हणाले. "कुंडीतलं झाड हे माझं पहिलंच."

ताई हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. वनरक्षक आधी गोंधळले, मग त्यांनाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर ताईंनी पदर खोचला आणि कुंडी बाहेर आणवली. कुजलेली मुळं कापली, काड्या मातीपासून बोटभर ठेवून छाटून टाकल्या. पायऱ्यांच्या कडेला, जिथे दिवसभर ऊन पडत होतं आणि माती खडकाळ होती, तिथे खड्डा करायला सांगितलं. वनरक्षकांनी खड्डा केला. दोघांनी गुडघ्यावर बसून मुळं आत बसवली आणि चारी हातांनी माती दाबली.

"निवृत्त झाल्यावर कुठे राहणार?" ताईंनी मातीकडे बघत विचारलं.

मुलगी आपल्याकडे या म्हणते, पण ती खूप उंच इमारतीत राहते आणि तिच्या खिडक्या उघडत नाहीत, असं वनरक्षकांनी सांगितलं. इथेच एखादी खोली बघावी असंही मनात येतं. अजून काही ठरलेलं नाही.

ताईंनी दाबून झालेली माती पुन्हा एकदा दाबली.

"आमच्या गच्चीलगत एक खोली आहे," त्या म्हणाल्या. "सध्या जुन्या चादरींचे गठ्ठे ठेवलेत. खिडकी उघडते. गच्ची मोठी आहे आणि आम्ही तिघंच आहोत, एक माणूस कमी पडतं. भाड्याने द्यायची म्हणून नाही सांगत मी."

वनरक्षक उठले, नळापाशी गेले आणि हात धुवायला लागले. ते इतका वेळ हात धूत राहिले, की ताईंना वाटलं आपण भलतंच बोलून बसलो. मग ते परत आले आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. या वेळी त्यांनी घसा खाकरला नाही.

"मी घोरतो," ते म्हणाले. "आधी सांगितलेलं बरं."

"खाली दिवसभर मशीन चालतं," ताई म्हणाल्या. "आम्हाला आवाजाशिवाय झोप लागत नाही."

मग ते म्हणाले, की हे विचारायला ते कितीतरी वेळा स्वच्छ गणवेश घेऊन दुकानात आले होते. ताई म्हणाल्या, ते दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. वनरक्षकांचे कान लाल झाले. मुलीला आजच कळवतो, ती बरेच दिवस मागे लागली आहे, असं त्यांनी सांगितलं. कशासाठी मागे लागली आहे हे ताईंनी विचारलं नाही, पण त्यांना ते ऐकून फार बरं वाटलं.

वरच्या उतारावर दुसरीच कसलीशी पिवळी फुलं फुलली होती आणि त्यांचं नाव वनरक्षकांना अजून कळलेलं नव्हतं. ती दाखवायला ते ताईंना घेऊन गेले. निम्म्या चढावर असताना खाली परतीच्या बसचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, दोनदा वाजला. ताई थांबल्या, खाली बघितलं, मग पायांखालचे दगड सांभाळत वर चढत राहिल्या. बस वळणाआड गेल्यावर त्यांनी भावजयीला फोन लावला आणि बस चुकल्याचं सांगितलं.

"रोप कसं आहे?" भावजयीने विचारलं.

"जगेल," ताई म्हणाल्या. "बाहेर लावलं आम्ही."

"पुढची बस किती वाजता आहे?"

ताईंनी वनरक्षकांकडे पाहिलं. ते एका पिवळ्या फुलापाशी वाकून बसले होते आणि त्यांना हाताने बोलावत होते.

"विचारलं नाही अजून," ताई म्हणाल्या.

भावजयीने फोन खाली ठेवला आणि इस्त्री करत असलेल्या नवऱ्याला सांगितलं, की हातातला अभ्रा झाला की वर चला, गच्चीलगतच्या खोलीतले गठ्ठे आजच्या आज खाली आणायचे आहेत. आजच का, असं त्याने विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. ती जिना चढायलाही लागली होती.